धूर-नियंत्रण क्षेत्रातील घरासाठी लाकडाचा स्टोव्ह कसा निवडावा

ब्रिटनमधल्या जुन्या घरांच्या बैठकीच्या खोलीत शेकोटीचा कोनाडा आणि त्यावर विटांचे धुराडे बहुधा असतेच. गॅसचे बिल वाढू लागले की तिथे लाकडावर चालणारा स्टोव्ह बसवावा, हा विचारही घरात सुरू होतो. शहरात मात्र ही खरेदी केवळ रंगरूप आणि किंमत पाहून करता येत नाही, कारण शहरांचा बराच भाग कायद्याने धूर-नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर झालेला असतो. डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर पाच दिवस साचून राहिलेल्या धुरक्यात हजारो माणसे दगावली. त्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवा कायदा आला आणि धुराड्यातून धूर सोडण्यास मनाई असलेले विभाग आखण्याचा अधिकार स्थानिक कौन्सिलांना मिळाला. आज त्याची जागा १९९३ च्या कायद्याने घेतली असली, तरी मूळ तत्त्व तेच राहिले आहे. पुढील विवेचन मुख्यतः इंग्लंडमधील नियमांना धरून केले आहे. वेल्स, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये दंडाची पद्धत आणि काही तपशील वेगळे असल्याने तिथल्या रहिवाशांनी आपल्या कौन्सिलकडून खात्री करून घ्यावी.

सर्वप्रथम आपला पत्ता अशा क्षेत्रात येतो का, हे कौन्सिलच्या संकेतस्थळावरील नकाशात पाहावे किंवा पर्यावरण-आरोग्य विभागाला विचारावे. लंडनचा बहुतेक भाग या क्षेत्रांत मोडतो, पण एकाच गावात रस्त्याच्या अलीकडचा भाग क्षेत्रात आणि पलीकडचा बाहेर असेही आढळते. त्यामुळे शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. क्षेत्रात असताना धुराड्यातून धूर निघाला तर कौन्सिल १७५ ते ३०० पौंडांपर्यंत दंड आकारू शकते, आणि धुराच्या नियमांतून सूट नसलेल्या स्टोव्हसाठी अनधिकृत जळण खरेदी केले तर १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. घर भाडेपट्ट्यावरचे असेल, किंवा इमारत वारसा म्हणून नोंदलेली असेल, तर पट्ट्याच्या अटी आणि नियोजन विभागाची परवानगी हे दोन मुद्दे स्टोव्हच्या आधी सोडवावेत.

सूट नेमकी कशाला मिळते

दुकानात ‘डेफ्रा-मान्य’ हे शब्द वारंवार ऐकू येतात. डेफ्रा म्हणजे पर्यावरण, अन्न आणि ग्रामीण व्यवहार पाहणारे सरकारी खाते. या खात्याकडून सूट मिळालेल्या उपकरणांची यादी प्रसिद्ध होते आणि त्या यादीतील स्टोव्हमध्ये, अधिकृत धूररहित जळणाव्यतिरिक्त, यादीत त्या स्टोव्हपुढे नोंदलेले जळणही जाळता येते. इथे बारकाईने वाचण्याची गरज आहे. ही सूट सरसकट नसून विशिष्ट मॉडेलला, विशिष्ट जळणासाठी आणि उत्पादकाच्या ठरावीक सूचनापुस्तिकेनुसार वापर केला तरच असते. लाकूड आणि कोळसा दोन्ही जाळू शकणाऱ्या स्टोव्हला केवळ लाकडासाठी सूट मिळालेली असणे हे अगदी नेहमीचे आहे. अशा स्टोव्हमध्ये खनिज जळण वापरायचे तर ते अधिकृत धूररहित प्रकारचेच असावे लागते.

‘इकोडिझाइन’ ही दुसरी खूण, आणि तिच्यामुळे फार गोंधळ होतो. १ जानेवारी २०२२ पासून बाजारात येणाऱ्या नव्या स्टोव्हना ही मानके पाळावी लागतात. बंद दाराच्या लाकडी स्टोव्हसाठी त्यात हंगामी कार्यक्षमता किमान ६५ टक्के आणि बाहेर पडणाऱ्या वायूत सूक्ष्म कण घनमीटरला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावेत, अशा मर्यादा आहेत. परंतु ही चाचणी मुख्यतः स्टोव्ह आपल्या नेमून दिलेल्या क्षमतेवर चालत असताना होते. सूट देताना मात्र मंद जाळावरही धूर मोजला जातो. धुराची मर्यादा तासाला ५ ग्रॅम आणि वर प्रत्येक ०.३ किलोवॉटमागे ०.१ ग्रॅम अशी ठरते, म्हणजे ५ किलोवॉटच्या स्टोव्हला तासाला पावणेसात ग्रॅमच्या आतच राहावे लागते. म्हणून नवा इकोडिझाइन स्टोव्ह आपोआप सूट मिळालेला ठरत नाही. विक्रेत्याकडून मॉडेलचे पूर्ण नाव लिहून घ्यावे आणि ते यादीतील नावाशी अक्षरन् अक्षर ताडून पाहावे. नावापुढचे एखादे ‘एसई’सारखे लहानसे जोडनाव असले-नसले तरी उत्तर बदलू शकते. याशिवाय ‘क्लिअरस्काइज’ नावाची योजना स्टोव्हना १ ते ५ अशी श्रेणी देते, त्यात ५ ही सर्वांत स्वच्छ. दोन स्टोव्हमध्ये निवड अडली असेल तर ती उपयोगी पडते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. सूट मिळालेला, वरच्या श्रेणीचा स्टोव्हसुद्धा गॅसच्या हीटिंगच्या तुलनेत शेकडो पट अधिक सूक्ष्म कण सोडतो. घरात दमेकरी किंवा तान्हे बाळ असेल आणि हीटिंगची दुसरी सोय चालू असेल, तर स्टोव्ह न घेणे हाच माझ्या मते योग्य निर्णय ठरतो.

धूर होतो कसा आणि थांबतो कसा

लाकूड पेटते तेव्हा आधी त्यातले पाणी उडते, मग तापलेल्या लाकडातून ज्वलनशील वायू आणि डांबरासारखी वाफ सुटते, आणि शेवटी निखारे उरतात. धूर म्हणजे बव्हंशी मधल्या टप्प्यातली न जळलेली वाफ होय. ती जाळायला पुरेशी उष्णता आणि गरम हवा लागते. त्यासाठी चांगल्या स्टोव्हच्या आतल्या भिंती व्हर्मिक्युलाइटच्या उष्णतारोधक पाट्यांनी मढवलेल्या असतात आणि वर एक आडवी पाटी वायूंना थेट धुराड्यात निसटू देत नाही. मागच्या भिंतीतल्या बारीक छिद्रांतून तापलेली दुय्यम हवा आत येते, तर काचेवरून खाली उतरणारा हवेचा पडदा काच स्वच्छ ठेवतो. दुकानात स्टोव्ह पाहताना दार उघडून ही छिद्रे आणि पाट्या प्रत्यक्ष पाहाव्यात. पाट्या सुट्या विकत मिळतात का, हेही विचारावे, कारण कालांतराने त्या तडकतात आणि आडवी पाटी फुटली की धूर वाढतो.

आता हवेच्या दांडीकडे, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या दांडीकडे, पाहू. साध्या स्टोव्हची दांडी पूर्ण बंद करता येते. रात्री झोपताना ती ढकलून लाकूड धुमसत ठेवण्याची जुनी सवय धुराचे सर्वांत मोठे कारण आहे. सूट मिळालेल्या बऱ्याच मॉडेलमध्ये दुय्यम हवेच्या वाटेवर एक लहानसा स्क्रू किंवा खुंटी बसवलेली असते आणि त्यामुळे दांडी शेवटपर्यंत सरकत नाही. काही उत्पादक हा तुकडा वेगळा संच म्हणून विकतात. हा अडसर काढून टाकला, तर सूट मिळण्याच्या अटीच मोडतात. जुना स्टोव्ह घेण्याचा मोह होतो तेव्हा नेमकी हीच खुंटी गायब असते, सूचनापुस्तिका हरवलेली असते आणि मागची माहितीपट्टी खरवडलेली असते. अशा स्टोव्हबद्दल पुढे काहीही सिद्ध करता येत नाही, म्हणून तो स्वस्तात मिळाला तरी क्षेत्रातल्या घरासाठी घेऊ नये.

आकार: इथेच बहुतेकांचे गणित चुकते

थंडी पुष्कळ असते, तेव्हा मोठा स्टोव्ह घेऊन ठेवावा, ही समजूत खर्चिकही आहे आणि धुराच्या दृष्टीने घातकही. अंदाजासाठी प्रचलित हिशेब असा आहे की खोलीची लांबी, रुंदी आणि उंची मीटरमध्ये गुणून येणाऱ्या घनफळाला १४ ने भागावे. घर चांगले उष्णतारोधक असेल तर २० च्या पुढच्या आकड्याने आणि गळके जुने घर असेल तर १० ने भागावे. पाच मीटर बाय चार मीटर आणि २.४ मीटर उंच खोलीचे घनफळ ४८ घनमीटर होते, म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट पुरतात. अशा खोलीत ८ किलोवॉटचा स्टोव्ह बसवला तर अर्ध्या तासात सगळे घामाघूम होतात, मग हवा कमी केली जाते, जाळ विझून लाकूड धुमसू लागते, काच काळी पडते आणि धुराड्यात डांबरट काजळी साचते. याउलट लहान स्टोव्ह भरपूर हवेवर, पिवळ्या जिवंत ज्वाळांनी जळत राहतो. म्हणून दोन आकारांमध्ये घुटमळत असाल तर लहान घ्यावा. ५ किलोवॉटचा, ७५ टक्के कार्यक्षमतेचा स्टोव्ह पूर्ण जोमाने चालवण्यास वाळलेले लाकूड तासाला दीड ते पावणेदोन किलो पुरते. त्यावरून हिवाळ्याच्या साठ्याची जागाही आधी मोजून घ्यावी.

पाच किलोवॉट हा आकडा आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. इमारत नियमांनुसार जुन्या, हवा झिरपणाऱ्या घरात पाच किलोवॉटच्या वरच्या प्रत्येक किलोवॉटमागे ५५० चौरस मिलिमीटरची कायम उघडी हवाझडप भिंतीत ठेवावी लागते, तर नव्या हवाबंद घरात ती पहिल्या किलोवॉटपासूनच लागते. बाहेरची हवा नळीने थेट स्टोव्हमध्ये घेणारी मॉडेल नव्या घरांसाठी अधिक सोयीची असतात.

जळण

उत्तम स्टोव्हही ओल्या लाकडापुढे हतबल होतो. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनाचा जवळपास निम्मा भाग पाण्याचा असू शकतो. १ मे २०२१ पासून इंग्लंडमध्ये दोन घनमीटरपेक्षा कमी प्रमाणात विकल्या जाणाऱ्या लाकडातील ओलावा २० टक्क्यांपर्यंतच असावा लागतो आणि त्यावर ‘रेडी टू बर्न’ ही खूण असते. मोठ्या प्रमाणात घेतलेले लाकूड मात्र वाळवण्याची जबाबदारी घेणाऱ्याचीच. ओलावा मोजण्याचे यंत्र फारसे महाग नसते, पण ते वापरण्याची एक रीत आहे: ओंडक्याच्या बाहेरच्या सालीला किंवा टोकाला टोचल्यास आकडा फसवा, कमी येतो. ओंडका कुऱ्हाडीने मधोमध फोडून ताज्या उघड्या पृष्ठभागाच्या मध्यभागी सुया टोचाव्यात. रंगवलेले, रसायन मुरवलेले किंवा सरसाने जोडलेले लाकूड कोणत्याही स्टोव्हमध्ये जाळू नये.

घरगुती वापराच्या पारंपरिक दगडी कोळशाची विक्री इंग्लंडमध्ये बंद झाली आहे: पिशवीबंद कोळशाची मे २०२१ पासून आणि सुट्याची मे २०२३ पासून. धूररहित जळणाच्या कांड्या घ्यायच्या असतील तर त्या लाकडाबरोबर मिसळून जाळू नयेत, कारण कांड्यांतले गंधक आणि लाकडातले पाणी मिळून तयार होणारे आम्ल धुराड्याच्या आतले पोलादी अस्तर खाऊन टाकते. अशा कांड्या नियमित वापरणाऱ्याने अस्तर ३१६ ऐवजी ९०४ प्रतीच्या पोलादाचे घ्यावे.

बसवणे आणि कागदपत्रे

स्टोव्ह बसवण्याचा खर्च कित्येकदा स्टोव्हच्या किमतीइतका होतो, आणि तो वाचवण्याची ही जागा नाही. हेटास या संस्थेकडे नोंदणीकृत कारागिराकडून काम करून घेतल्यास तो स्वतः काम इमारत नियमांनुसार झाल्याचे पूर्तता प्रमाणपत्र देतो. अन्यथा काम सुरू होण्यापूर्वी कौन्सिलच्या इमारत नियंत्रण विभागाला कळवून तपासणी करून घ्यावी लागते. धुराड्याच्या नळीचा व्यास साधारणपणे १५० मिलिमीटर लागतो, पण स्वच्छ हवा कायद्याच्या अटी पूर्ण करणाऱ्या २० किलोवॉटपर्यंतच्या बंद स्टोव्हला १२५ मिलिमीटर चालतो. अरुंद जुन्या धुराड्यात ही सवलत मोलाची ठरते. स्टोव्हपासून धुराड्याच्या टोकापर्यंतची उंची साडेचार मीटर असावी, म्हणजे धूर वर खेचणारी ओढ पुरेशी राहते. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र त्याच खोलीत, स्टोव्हपासून आडव्या रेषेत एक ते तीन मीटरवर लावणे बंधनकारक आहे.

पेटवताना मोठे ओंडके खाली, त्यावर बारीक काटक्या आणि सर्वांत वर पेटवण अशी रचना करावी, म्हणजे खालून निघणारी वाफ वरच्या ज्वाळेतून जाऊन जळते. पहिली काही मिनिटे हवेची दांडी पूर्ण उघडी ठेवावी आणि बाहेर जाऊन धुराड्याच्या टोकाकडे पाहावे. पेटवताना थोडा धूर दिसणे साहजिक आहे, पण जाळ नीट लागल्यावरही दिसत राहिला तर लाकूड ओले आहे, हवा कमी आहे किंवा आतली पाटी सरकली आहे. धुराडे वर्षातून किमान एकदा, आणि रोज पेटवणाऱ्याने दोनदा, नोंदणीकृत कारागिराकडून साफ करून घ्यावे आणि त्याची पावती पूर्तता प्रमाणपत्र, खरेदीचे बिल आणि सूचनापुस्तिका यांच्यासोबत ठेवावी. कौन्सिलकडे तक्रार गेली तर हीच कागदपत्रे दाखवावी लागतात, आणि घर विकताना खरेदीदाराचा वकील ती मागतो.