कलांचो पुन्हा का फुलत नाही? या चुका टाळा

फुलांच्या गुच्छांनी गच्च भरलेलं कलांचोचं रोप घरी येतं, दीड-दोन महिने डोळ्यांचं पारणं फेडतं आणि मग नुसती पानं उरतात. इथून पुढे बरीच रोपं वाया जातात. कुणी ‘जोर धरेल’ म्हणून रोज पाणी घालतं, कुणी ‘याचं आता संपलं’ म्हणून टाकून देतं. मला दोन्हीचं फार वाईट वाटतं, कारण मादागास्करहून आलेलं हे झाड बहुवार्षिक आहे. नीट सांभाळलं तर दरवर्षी फुलतं.

पान मऊ पडलं म्हणून पाणी घालणं

सगळ्यात जास्त रोपं यात जातात. कलांचो पाणी पानांत साठवतं, त्यामुळे खालचं एखादं पान दोन बोटांत हलकेच दाबून पाहा. ते टणक लागलं तर पाण्याची गरज नाही, माती वरून सुकलेली दिसली तरीही. पान मऊ पडलंय, त्यावर बारीक सुरकुत्या आहेत आणि माती आतपर्यंत कोरडी आहे, तर झाड तहानलेलं आहे. भरपूर पाणी द्या आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका. पण पान मऊ, पिवळट आणि पाणी भरल्यासारखं दिसतंय आणि माती ओली आहे, तर मुळं कुजायला लागली आहेत. कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून ओल्या मातीतही झाड मलूल दिसतं. अशा वेळी आणखी एक तांब्या ओतला की खेळ खलास.

तेव्हा रोप लगेच कुंडीतून काढा. तपकिरी, लिबलिबीत मुळं कापून टाका. खोडच काळं पडलं असेल तर वरचा निरोगी शेंडा कापून घ्या. कापलेली जागा आतून स्वच्छ हिरवी दिसेपर्यंत कापत जा. हा शेंडा कसा लावायचा ते शेवटी सांगितलंय.

नर्सरीतल्या कुंडीत बहुधा नुसतं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा असतो. तो आत खूप वेळ ओला राहतो, म्हणून फुलं संपल्यावर माती बदला. निम्मी माती आणि निम्म्यात जाड रेती किंवा परलाइट (पांढरे, हलके खनिज कण), थोडं गांडूळखत, एवढं पुरे. कुंडीला भोक हवंच, आणि कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा जेमतेम मोठी असावी. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती लवकर सुकत नाही.

रात्री दिव्याखाली ठेवणं

पानं तुकतुकीत, वाढ उत्तम, पण कळीचा पत्ता नाही, अशी तक्रार असेल तर खतं शोधण्याआधी झाड रात्री कुठे असतं ते बघा. कलांचोला कळ्या धरायला लांब आणि अखंड रात्र लागते. दिवाणखान्यात रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट चालू असते, किंवा रस्त्यावरचा दिवा थेट खिडकीत येतो. झाडाच्या लेखी रात्र झालेलीच नसते. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला तरी सगळा हिशेब बिघडतो.

उपाय बिनखर्चाचा आहे. संध्याकाळी ५ ते सकाळी ७ असा १४ तास रोपावर पुठ्ठ्याचा खोका पालथा घाला, साधारण सहा आठवडे, रोज. दिवसाचे उरलेले दहा तास त्याला भरपूर उजेड मिळू द्या. सकाळचं कोवळं ऊन उत्तम. या काळात पाणी बेताचं द्या आणि नत्र जास्त असलेलं खत बंद ठेवा, नाहीतर सगळा जोर पानांत जातो. फार उकाड्यातही कळ्या येणं लांबतं, म्हणून हे थंडीत करणं सोपं. कळ्या स्पष्ट दिसू लागल्या की खोका काढून टाका.

त्याआधीचं एक काम मात्र विसरू नका: सुकलेले गुच्छ देठासकट, देठाखालच्या पहिल्या पानांच्या जोडीपर्यंत छाटा. लांबट, विरळ झालेल्या फांद्याही तेव्हाच खुडा. अशी वाढ कमी उजेडामुळे होते, आणि छाटल्याशिवाय रोप पुन्हा भरगच्च होत नाही.

बाकी काही

फुललेलं रोप पिकलेल्या फळांच्या टोपलीशेजारी ठेवू नका. फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने फुलं लवकर मिटून कोमेजतात. पानांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने एकेक टिपून काढा. पानांवर पांढरी भुकटी पसरली तर ती भुरी. पानांवर पाणी मारणं थांबवा, रोगट पानं काढा, हवा खेळती ठेवा. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर झाड त्यांच्या तोंडापासून लांबच हवं. यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात.

पानफुटी याच कुळातली, म्हणून पुष्कळ जण कलांचोचं पान मातीवर ठेवून कडेने कोंब फुटायची वाट पाहतात. फुलांच्या या जातीत तसे कोंब येत नाहीत. बिनफुलाचा, बोटभर लांबीचा शेंडा कापा, खालची पानं काढा आणि एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या. काप सुकला की जेमतेम ओलसर रेतीत खोचा. दोन-तीन आठवड्यांनी हलकेच ओढून पाहा. शेंडा हलला नाही तर मुळं धरलीत.