स्पितीत जीवाश्मांच्या मागे जाताना

महाराष्ट्रात भूशास्त्र शिकणाऱ्यांची जीवाश्मांशी ओळख बहुतेक कॉलेजच्या कपाटातच होते. सह्याद्रीभर बेसॉल्ट, लाव्हाच्या खडकात शिंपले कुठून मिळणार? नागपूर-चंद्रपूरकडे लाव्हांच्या दोन प्रवाहांमधले गाळाचे थर आहेत, पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत. पण समुद्री जीवाश्म पोटभर बघायचे तर कच्छ गाठावं लागतं, आणि कच्छ बघून झालं की हिमाचलातल्या स्पितीचं वेड लागतंच. मला ते एम.एस्सी.त लागलं आणि पीएच.डी.साठी तिकडेच गेलो. पहिल्यांदा तिकडच्या फील्डला निघालेल्यांसाठी हे लिहितो आहे.

स्पिती म्हणजे टेथिस या हिमालयाच्या आधीच्या प्राचीन समुद्राचा वर उचललेला तळ. कॅम्ब्रियन या पुरातन भूकाळापासून थेट डायनोसॉरच्या शेवटच्या काळापर्यंतचे, म्हणजे क्रिटेशसपर्यंतचे थर एका खोऱ्यात उघडे पडलेत. झाड नाही, झुडूप नाही, त्यामुळे समोरच्या डोंगराची घडी अर्ध्या मैलावरूनही वाचता येते. पुस्तकातली कुलिंग, लिलांग, ग्युमल, चिकिम ही थरांची नावं इथल्या गावांची. ती १८६०च्या दशकात दिली फर्डिनांड स्टोलिच्का या मोराव्हियात जन्मलेल्या, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात नोकरी करणाऱ्या तरुणाने. ज्याच्यावरून मुथ क्वार्टझाइट हे एका खडकथराचं नाव आलं ते गाव म्हणजे पिन खोऱ्यातलं आजचं मुद.

स्टोलिच्काबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण नव्या मुलांना त्याचं फार आकर्षण असतं. १८७३मध्ये तो फोर्सिथ या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या, मध्य आशियातल्या यारकंदला निघालेल्या मोहिमेबरोबर गेला. जातानाच उंचीवर आजारी पडला होता. तरी परतीच्या वाटेवर, काराकोरम खिंड ओलांडल्यानंतर डोकं दुखत असतानाही, खडक बघत फिरणं त्याने थांबवलं नाही. १९ जून १८७४ रोजी लडाखमधल्या मुर्गोला त्याचा मृत्यू झाला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. लेहमध्ये त्याचं स्मारक आहे. मला त्याच्या नोंदींबद्दल अतोनात आदर आहे. त्या डोकेदुखीकडे केलेल्या दुर्लक्षाबद्दल मुळीच नाही.

तेव्हा आधी उंची. काझा साधारण ३,७०० मीटरवर, लांग्झा ४,४००च्या आसपास. मनालीहून कुंझुम खिंडीतून (४,५५० मीटर) एका दिवसात काझा गाठता येतं, म्हणून सगळे तीच वाट धरतात. वेळ असेल तर शिमला-किन्नौरमार्गे जा. रस्ता लांब आहे, दरडीही कोसळतात, पण शरीराला हळूहळू चढायला मिळतं. ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा नियम आहे. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्या. डोकेदुखीबरोबर उलटी, तोल जाणं, बसल्या जागी धाप लागणं सुरू झालं तर सेक्शन, म्हणजे थर मोजत नेण्याचं काम, अर्धा राहिला तरी खाली उतरायचं. ‘सर काय म्हणतील’ हा विचार त्या वेळी करू नये. शहाणे सर आधी तुम्हालाच उतरवतात.

दुसरा धोका पाण्याचा. सकाळी घोट्यापर्यंत असलेला नाला दुपारी बर्फ वितळलं की मांडीपर्यंत येतो. ओलांडायचं ते सकाळी, आणि परतीची वाट नाल्यापलीकडून ठेवायची नाही. उतारावर ऊन पडलं की दगड सुटायला लागतात, म्हणून कड्याखालचं मोजमाप पहाटे उरकावं. खेचरवाले या बाबतीत तुमच्या पीएच.डी.च्या गाइडपेक्षा जास्त जाणतात. ‘साब, आज नहीं’ म्हणाले की वाद घालू नका.

आता मुख्य काम. नवीन माणूस पहिल्या दिवशी स्पिती शेल या चिखलापासून बनलेल्या खडकाच्या काळ्या उतारावर जातो आणि हरखतो. तिथले गोल गोळे फोडले की आत अमोनाइट, म्हणजे वळणदार शंखाचा नामशेष समुद्री जीव. नेपाळच्या गंडकीतून आपल्या देवघरात येणारा शाळिग्राम साधारण याच काळातल्या, अशाच काळ्या शेलमधला. खिसे भरायला वेळ लागत नाही. पण घसरून खाली आलेला नमुना, ज्याला आम्ही फ्लोट म्हणतो, कुठल्या थरातला होता हे सांगता येत नाही. अभ्यासाला तो फारसा उपयोगाचा नाही. किंमत इन सिटू, म्हणजे आपल्या थरातच असलेल्या, नमुन्याची: थर क्रमांक, तळापासूनची उंची, जीपीएस, फोटो, आणि हे सगळं त्याच जागी उभं राहून डायरीत लिहिलेलं. संध्याकाळी तंबूत आठवून नाही.

हा किती गंभीर मामला आहे, ते १९८९मध्ये जगाला कळलं. हिमालयातले म्हणून वर्षानुवर्षं छापले गेलेले कितीतरी जीवाश्म प्रत्यक्षात मोरोक्कोसारख्या ठिकाणचे होते, हे ऑस्ट्रेलियाचे जॉन टॅलेंट यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं. हिमालयाच्या जीवाश्मशास्त्राची बरीच पानं संशयाखाली आली. त्यामुळे आजही परीक्षक आधी लोकॅलिटी, म्हणजे नमुना मिळाल्याची जागा, विचारतात, मग प्रजाती. विचारायलाच हवं.

माझं आवडतं ठिकाण मात्र अमोनाइटचं नाही. पर्मियन हा भूकाळ संपून ट्रायासिक सुरू होतो ती रेघ, सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वीची. खाली काळं शेल, वर चुनखडक, आणि मध्ये काही सेंटिमीटरचा गंजक्या रंगाचा लोहयुक्त थर. समुद्रातल्या बहुसंख्य प्रजाती या काळात संपल्या. पाहायला तिथे जवळजवळ काहीच नाही, आणि लोक याचसाठी जगभरातून येतात. मुदजवळचा याच्या थोडा वरचा सेक्शन इंडुअन-ओलेनेकियन, म्हणजे ट्रायासिकच्या पहिल्या दोन टप्प्यांमधल्या, सीमेसाठी जागतिक संदर्भ म्हणून सुचवला गेला आहे.

या कामात शोध असतो कोनोडोंटचा, वाळूच्या कणाएवढ्या दातांसारख्या अवशेषांचा. ते फील्डवर सहसा दिसतच नाहीत. प्रत्येक थरातून दोन-तीन किलो चुनखडक आणायचा. चाळीस थर म्हणजे क्विंटलभर दगड, तेव्हा खेचरांचा हिशेब आधी करा. हातोडा, छिन्नी, १०एक्स भिंग, ब्रंटन (भूशास्त्राचा कंपास), दीड मीटरची जेकब्ज स्टाफ (थरांची जाडी मोजायची काठी), कापडी पिशव्या आणि भरपूर मार्कर लागतात. पिशवीवर नंबर बाहेरून लिहा, चिठ्ठी आतही टाका. घासून बाहेरचा जातो. चुनखडक विरघळवायचं आम्ल विमानात नेता येत नाही. पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यानात वन खात्याची परवानगी लागते, आणि गावात अमोनाइट विकायला आणले तर घेऊ नका. मागणी असेल तर उतार पोखरले जातात.

नोकरीचं विचाराल तर मार्ग अरुंद आहे. जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एम.एस्सी., मग नेट ही पात्रता परीक्षा आणि लखनौची बिरबल साहनी, डेहराडूनची वाडिया किंवा पुण्याची आघारकर संस्था. नाहीतर यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा देऊन जीएसआय, म्हणजे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण. सूक्ष्मजीवाश्म येत असतील तर तेल कंपन्यांकडेही कामं असतात. फक्त अमोनाइटवर पोट भरणारी माणसं देशात मोजकीच.

आणि फील्ड संपलं की खरा वेळ पुढे जातो. चुनखडक सौम्य आम्लात विरघळायला आठवडे लागतात, उरलेला गाळ चाळायचा, सुकवायचा, मग सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकाने एकेक कण उचलायचा. काही पिशव्यांमधून काहीच निघत नाही. त्याही डायरीत लिहायच्या.