घटस्फोटाची डिक्री शोधताना: बेळगाव सीमाभागातल्या कोर्टांतून नक्कल कशी मिळवायची

घटस्फोटाचं ‘सर्टिफिकेट’ असा वेगळा कागद आपल्याकडे निघत नाही. जन्म-मृत्यूची नोंद महापालिकेत असते, लग्नाची सब-रजिस्ट्रारकडे. घटस्फोटाची नोंद मात्र ज्या कोर्टाने तो दिला, त्याच कोर्टाच्या दप्तरात राहते. लग्नाच्या रजिस्टरमध्येही ती आपोआप चढत नाही. त्यामुळे पंचायत, नाडकचेरी (होबळीचं महसूल कार्यालय), सब-रजिस्ट्रार असे खेटे घालण्यात अर्थ नाही. आधी कोर्ट शोधायचं, मग केस नंबर, मग नक्कल. यातली पहिली पायरी सर्वात वेळखाऊ, आणि सीमाभागात तर जास्तच.

कारण उघड आहे. मुलगी निपाणीची, सासर कागलचं. लग्न संकेश्वरच्या कार्यालयात, संसार पुण्यात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १९ नुसार लग्न जिथे लागलं, समोरचा पक्ष जिथे राहतो, किंवा नवरा-बायको शेवटी जिथे एकत्र राहिले, यापैकी कुठेही अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने आणखी एक वाट झाली: अर्ज बायकोचा असेल तर ती सध्या राहते तिथल्या कोर्टातही तो चालतो. म्हणून २००४ नंतरचा आणि बायकोने केलेला दावा असेल तर पहिला शोध तिच्या माहेरच्या कोर्टात घ्या. त्याआधीचा असेल तर लग्नाचं गाव आणि नवऱ्याचं गाव बघा.

बेळगाव शहरात कौटुंबिक न्यायालय आहे. तालुक्याच्या ठिकाणी हे दावे साधारणपणे सीनियर सिव्हिल जज्जांच्या कोर्टात चालतात. खानापूर, चिक्कोडी, निपाणी, हुक्केरी, संकेश्वर, अथणी, रायबाग, गोकाक ही आपल्या लोकांना लागणारी कोर्टं. निपाणी पूर्वी चिक्कोडी तालुक्यात होती, तेव्हा निपाणीकरांचा जुना दावा चिक्कोडीच्या दप्तरात निघाला तर नवल नाही. आणि कौटुंबिक न्यायालय स्थापन झालं की त्या हद्दीतले चालू वैवाहिक दावे कायद्याने तिकडे वर्ग होतात. अशा दाव्याला नवा नंबर पडतो. घरातल्या कागदावरचा नंबर जुन्या कोर्टाचा आणि डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा हुकूम, नव्या कोर्टाची, हा घोळ इथूनच होतो.

दुसरा घोळ राज्याच्या सीमेचा. दावा बेळगावात दाखल झाला, पण बायकोने सुप्रीम कोर्टातून तो कोल्हापूरला वर्ग करून घेतला, असं होऊ शकतं. एका राज्यातला दावा दुसऱ्या राज्यात नेण्याचा अधिकार सुप्रीम कोर्टालाच आहे. तेव्हा बेळगावच्या नोंदीत केस ‘निकाली’ दिसते, पण निकाल घटस्फोटाचा नसून वर्ग केल्याचा असतो. त्या नोंदीची शेवटची ओळ नीट वाचली की पुढचा पत्ता तिथेच मिळतो. महाराष्ट्रात गेल्यावर केसची खूणही बदलते. कर्नाटकात वैवाहिक दाव्याला ‘एम.सी.’ (मॅट्रिमोनियल केस) लावतात, गडहिंग्लज-चंदगडकडे तोच दावा हिंदू विवाह याचिका म्हणून दिसतो.

नंबर हातात नसेल तर

आधी घरातले कागद उलगडा. समन्स, वकीलपत्राची झेरॉक्स, तारखांची चिठ्ठी, यापैकी एखाद्यावर ‘एम.सी. नंबर अमुक / २०११’ असं लिहिलेलं असतं. तिरक्या रेघेनंतरचं वर्ष दावा दाखल केल्याचं, निकालाचं नव्हे. २०११ चा दावा २०१५ ला निकाली निघालेला असू शकतो. निकालाचं वर्ष घालून शोधणाऱ्यांना म्हणूनच काही सापडत नाही.

कागद नसतील तर ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर किंवा मोबाइल अॅपवर राज्य कर्नाटक, जिल्हा बेळगाव आणि नंतर कोर्ट संकुल निवडा. पक्षकाराच्या नावाने शोधताना नावाची किमान तीन अक्षरं आणि नोंदणीचं वर्ष द्यावं लागतं. वर्ष नक्की नसेल तर एकेक वर्ष मागेपुढे करत चला, आणि ‘निकाली’ हा पर्याय निवडायला विसरू नका. नावं रोमन लिपीत असतात आणि ती कन्नड उच्चारावरून लिहिलेली असू शकतात. लक्ष्मी कुठे एक्सने लिहिली जाते, कुठे केएसएचने. गौडा कुठे ओयू, कुठे ओडब्ल्यू. म्हणून पूर्ण नाव न घालता मधली तीन-चार अक्षरं घाला. बायकोचं नाव सासरच्या आडनावाने, माहेरच्या आडनावाने आणि नुसत्या पहिल्या नावाने, असं तिन्ही तऱ्हांनी बघा. कन्नड कागदात बाईच्या नावापुढे ‘कोम’ (म्हणजे अमक्याची बायको) आणि मग नवऱ्याचं नाव येतं. जुन्या मोडी-मराठी दस्तांत वाचलेलाच हा शब्द.

नोंद सापडली की सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर, म्हणजे त्या केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, लिहून ठेवा. तो ‘केए’ने सुरू झाला तर कर्नाटक, ‘एमएच’ने झाला तर महाराष्ट्र. पुढे कोणत्याही खिडकीवर हा नंबर सांगितला की नावाची भानगड उरत नाही. वैवाहिक दाव्यांत नावं झाकलेली किंवा आदेश न चढवलेला असू शकतो, कारण या कामकाजाची प्रसिद्धी करायला कायद्यानेच मनाई आहे. स्क्रीनवर निकाल नाही म्हणजे निकालच नाही, असं धरून बसू नका.

संगणकाआधीच्या काळातल्या दाव्यांसाठी कोर्टाच्या रजिस्टरमध्येच शोध घ्यावा लागतो. तिथे अंदाजे वर्ष, दोघांची नावं आणि गाव सांगावं लागतं. जुना वकील हयात असेल, किंवा त्याची फाइल त्याच्या ज्युनियरकडे असेल, तर रजिस्टरपेक्षा तो मार्ग लवकर संपतो. जिल्ह्याचं नाव १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावी झालं. त्याआधीच्या शिक्क्यांवर ‘बेळगाम’च असणार, त्यात गैर काही नाही. आजी-आजोबांच्या काळातला, १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याआधीचा घटस्फोट शोधत असाल, तर तो मुंबई राज्याच्या १९४७ च्या हिंदू घटस्फोट कायद्याखाली झालेला असेल. जिल्हा तेव्हा मुंबई राज्यात होता. तरी शोध मुंबईत नव्हे, बेळगावच्या जिल्हा न्यायालयापासूनच सुरू करायचा. चंदगडकरांनीही हे लक्षात ठेवावं: १९५६ पर्यंत त्यांचा तालुका बेळगाव जिल्ह्यात होता.

नेमकं काय मागायचं

इथेच निम्मे लोक चुकतात. जजमेंट म्हणजे कारणांसह निकालपत्र, कन्नडात ‘तीर्पु’. डिक्री म्हणजे त्या निकालाचा एक-दोन पानी हुकूम: दोघांची नावं, लग्नाची तारीख, आणि लग्न अमुक तारखेपासून संपुष्टात आलं हे वाक्य. पासपोर्ट, पेन्शन, दुसऱ्या लग्नाची नोंदणी यांना डिक्री लागते. कोणी जजमेंटही मागतं. दोन्हींच्या नकला एकाच अर्जात मागा. संमतीने घटस्फोट झाला असेल तर तडजोडीच्या अर्जाचीही नक्कल घ्या, कारण डिक्रीत ‘तडजोडीच्या अटींनुसार’ एवढंच लिहिलेलं असलं तर पोटगीची रक्कम, मुलाचा ताबा, दागिन्यांची परतफेड हे सगळं त्या अर्जात असतं.

काही कागद घटस्फोटाचे वाटतात आणि नसतात. संमतीच्या अर्जात पहिल्या टप्प्यावरचा आदेश हा घटस्फोट नव्हे. तो दुसऱ्या टप्प्यानंतर मिळतो. पोटगीचा निकाल, न्यायिक फारकत (लग्न न मोडता वेगळं राहण्याचा हुकूम), नांदायला येण्याचा हुकूम, हेही घटस्फोट नव्हेत. शंभराच्या बॉण्डवर पंचांच्या सह्या घेऊन केलेली काडीमोड सीमाभागात अजून निघते. रूढीने होणारा घटस्फोट कायद्याने वाचवला आहे हे खरं, पण ती रूढी त्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं, आणि ते कोर्टातच. नोटरीचा शिक्का बसला म्हणून बॉण्डची डिक्री होत नाही.

ख्रिस्ती कुटुंबांसाठी एक बारकी गोष्ट. २००१ च्या दुरुस्तीपूर्वी जिल्हा न्यायालयाने दिलेल्या घटस्फोटाला हायकोर्टाची कायमता, म्हणजे शिक्कामोर्तब, लागत असे. जुनी डिक्री असेल तर तो कायमतेचा आदेशही शोधा. चर्चने लग्न रद्द ठरवलं म्हणजे कायद्याने घटस्फोट झाला असं नाही. आणि लग्नाची नोंद गोव्यात झाली असेल, बेळगाव-खानापूरकडे अशी बरीच घरं आहेत, तर तिथल्या विवाह नोंदीच्या कडेला घटस्फोटाचा शेरा मारतात. तो आहे का ते तिथल्या नोंदणी कार्यालयात बघा.

नकलेचा अर्ज

न्यायालयाच्या आवारात नकल विभाग असतो. बेळगावात कोर्टाचं आवार राणी चन्नम्मा चौकाजवळ, जिल्हाधिकारी कचेरीला लागून आहे. छापील अर्ज घ्या, वर कोर्ट फी स्टॅम्प लावा. अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत भरा. मराठीत भरलेला परत आला तर एक दिवस वाया जातो, वाद नंतरही घालता येईल. भरायच्या गोष्टी: कोर्टाचं नाव, केस नंबर आणि वर्ष, दोन्ही पक्षांची नावं जशी केसमध्ये आहेत तशी, निकालाची तारीख, कोणत्या कागदाच्या किती प्रती, साधी की तातडीची, कारण, सही, फोन नंबर. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स. कन्नडात मागायचं तर ‘दृढीकृत नकलु’ म्हणा. ‘प्रमाणित प्रत’ म्हटलेलं खिडकीवरच्या माणसाला कळेलच असं नाही.

अर्जाचा नंबर मिळाला म्हणजे काम झालं नाही. फाइल दप्तरखान्यातून येते, पानं मोजली जातात, मग नकलेचं शुल्क किती ते कळवतात. बरेचसे अर्ज इथे गळतात. पक्षकार ‘नक्कल झाली की फोन येईल’ म्हणून घरी बसतो, शुल्क मुदतीत भरलं जात नाही आणि अर्ज काढून टाकतात. चार-पाच दिवसांनी स्वतः जाऊन चौकशी करा. मेमध्ये दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते, ते धरून बेत आखा.

एक प्रत फुकट मिळण्याचा हक्क मात्र विसरू नका. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २३(४) नुसार घटस्फोटाच्या डिक्रीची एक प्रत दोन्ही पक्षांना कोर्टाने विनामूल्य द्यायची असते. ती वकिलाच्या फाइलमध्ये पडून असण्याची शक्यता आहे, पैसे भरण्याआधी तिथे विचारा.

अर्ज पक्षकाराने स्वतः किंवा वकीलपत्र दिलेल्या वकिलाने करायचा. तिऱ्हाइताला, म्हणजे नव्या स्थळाकडच्या मंडळींना किंवा वाटणीच्या वादातल्या भावालाही, सरळ नक्कल मिळत नाही. कारण सांगणारं प्रतिज्ञापत्र जोडून न्यायाधीशांची परवानगी घ्यावी लागते. माहिती अधिकाराचा अर्ज इथे चालत नाही: कोर्टाच्या नकला कोर्टाच्या नियमांनीच मिळवायच्या, असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये स्पष्ट केलं आहे. स्थळ बघताना शहाणपणाचं हे की त्या व्यक्तीलाच नक्कल काढून आणायला सांगावं.

‘फाइल सापडत नाही’ असं तोंडी उत्तर मिळालं तर तेवढ्यावर परतू नका. अपील झालं असेल तर दप्तर हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठाकडे गेलेलं असू शकतं. तिथे अशी अपिलं ‘एम.एफ.ए.’ (मिसलेनियस फर्स्ट अपील) नंबरने असतात. धारवाडचं काम २००८ मध्ये सुरू झालं, त्याआधीचं अपील बेंगळुरूला. तेही नसेल तर लेखी शेरा मागा, कन्नडात ‘हिंबरह’. तो हातात असला की पुढे वरिष्ठांकडे काही मागता येतं.

नक्कल हातात पडल्यावर खिडकीसमोरच तपासा. प्रत्येक पानावर शिक्का, शेवटी सही, पानांची संख्या, नावांची आणि लग्नाच्या तारखेची अक्षरं. शेवटच्या पानावर एक छोटा तक्ता असतो: अर्ज कधी आला, शुल्क कधी भरलं, नक्कल कधी तयार झाली, कधी दिली. अपिलाची मुदत मोजताना नकलेला लागलेले हे दिवस वगळतात, म्हणून हा तक्ता कोरा घेऊ नका. मूळ डिक्रीतच नाव चुकलं असेल तर नव्या नकलेने ते सुधारणार नाही. त्यासाठी त्याच कोर्टात दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १५२ खाली दुरुस्तीचा अर्ज करायचा. त्याला मुदतीची अट नाही.

दुसरं लग्न करायचं असेल तर डिक्रीच्या तारखेपासून ९० दिवस थांबा आणि धारवाडला अपील दाखल नाही ना ते ऑनलाइन पाहून घ्या. एकतर्फी डिक्रीत हे जास्तच महत्त्वाचं, कारण समोरचा माणूस समन्सच मिळालं नाही म्हणून ती रद्द करायला येऊ शकतो. डिक्री कन्नडात असेल आणि वापर कोल्हापूर-पुण्यात असेल तर अनुवाद लागेल. त्यावर अनुवादकाची सही आणि नोटरी घ्या, आणि मूळ प्रमाणित नक्कल सोबत ठेवा. एकावेळी तीन प्रती काढलेल्या बऱ्या. पासपोर्ट, बँक, सब-रजिस्ट्रार, कोणी ना कोणी मूळ प्रत ठेवून घेतंच.