शुगरच्या गोळ्या घेताना या चुका टाळा

बावीस वर्षं औषधाच्या दुकानात उभा आहे. शुगरच्या गोळ्या रोज हाताखालून जातात आणि चुकाही रोज त्याच दिसतात. सगळ्यांत धोक्याची चूक एकच: गोळी घेतली, पण जेवण राहिलं.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतात, मग पोटात अन्न असो वा नसो. अन्न नसेल तर रक्तातली शुगर धोकादायक खाली जाते. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा इतकी खाली जात नाही. पण दोन्ही मिळून एकच गोळी येते, घरात तिला ‘शुगरची गोळी’ म्हणतात आणि आत काय आहे हे कुणी विचारत नाही.

आषाढी एकादशीला सकाळी साडेअकराला नेहमीचे एक काका आले. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला, हात थरथरत होते, तीच नोट तीनदा मोजली. म्हटलं, “काका, काही खाल्लंय का?” म्हणाले, “पूजा झाली की खिचडी खाणार.” गोळी मात्र आठलाच घेतलेली. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८, म्हणजे शुगर फारच खाली. तीन चमचे ग्लुकोज पाण्यात ढवळून पाजलं, पंधरा मिनिटांनी ७६. बरं वाटतंय म्हणून ते उठले. मी खांद्याला धरून बसवलं आणि मुलाला फोन केला. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीचा असर दिवसभर राहतो, म्हणून वर आलेली शुगर पुन्हा घसरू शकते. वय झालेलं असेल, किडनी कमजोर असेल तर जास्तच. घरी जाऊन जेवले, तरी तीन वाजता पुन्हा ६२. त्या रात्री त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं.

तेव्हापासून श्रावण-नवरात्राच्या आधी मी प्रत्येकाला विचारतो, “उपास करता का?” करत असाल तर त्या दिवशीची गोळी किती आणि कधी, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. पाकिटावर मी मार्करने ‘जेवणासोबत’ लिहून देतो. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवा. चॉकलेटवर विसंबू नका, त्यातल्या फॅटमुळे साखर रक्तात उशिरा उतरते. व्होग्लिबोज ही साखरेचं पचन मंदावणारी गोळी चालू असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोजच हवं. आणि माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नका, सरळ दवाखाना गाठा.

दुसरी चूक, एकच औषध दोन नावांनी. एक आजी दवाखान्यातून घरी आल्या, नवी गोळी सुरू झाली आणि जुनीही चालूच राहिली. नावं वेगळी, रंग वेगळे, आत दोन्हीकडे तेच ग्लिमेपिराइड. आठवडाभर आजी दुपारी गळून पडायच्या आणि घरचे म्हणायचे, वयामुळे होतंय. मोठ्या नावाखालची बारीक अक्षरं वाचा. मी तर सांगतो, घरातल्या सगळ्या पट्ट्या एका पिशवीत घालून घेऊन या, मी काउंटरवर मांडून बघतो.

नव्याने गोळी सुरू झालेल्यांची घाई मला बघवत नाही. मेटफॉर्मिनने सुरुवातीला गॅस, जुलाब होतात. जेवणासोबत घेतली आणि डोस हळूहळू वाढवला तर बहुतेकांचं पोट दोन-तीन आठवड्यांत सरावतं. पण चौथ्या दिवशीच गोळी बंद, कारल्याचा रस सुरू, नाहीतर “शेजाऱ्यांना लागू पडली तीच द्या.” शेजाऱ्यांची किडनी, वय, वजन तुमचं नाही. मी देत नाही.

‘एसआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी चावू किंवा कुटू नका. शौचात तिचं टरफल दिसलं तर घाबरू नका, औषध आधीच पोटात उतरलेलं असतं.

एक वेळ चुकली म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका.

तपासणीच्या आधी चार दिवस गोड सोडून उपयोग नाही. एचबीएवनसी ही रक्ततपासणी शुगरची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. रिपोर्ट चांगला आला तर तो गोळी चालू होती म्हणून आला, स्वतःच्या मनाने बंद करू नका.

मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल आणि तळपायाला मुंग्या येत असतील तर व्हिटॅमिन बी-१२ तपासून घ्या, या गोळीने ते कमी होऊ शकतं. दरवेळी मुंग्यांना शुगरच कारण असते असं नाही.

डापाग्लिफ्लोझिन ही शुगर लघवीवाटे बाहेर टाकणारी गोळी चालू असलेल्यांनी उलट्या-जुलाब सुरू झाले, खाणंपिणं बंद झालं की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करावा, शुगर १८० दिसत असली तरी. या गोळीत रक्त आम्लयुक्त होण्याचा धोका असतो आणि तेव्हा आकडा फार वाढलेला असेलच असं नाही. ऑपरेशन ठरलं असेल तर ही गोळी साधारण तीन दिवस आधी थांबवतात, म्हणून तारीख मिळाली की सर्जनना गोळीची पट्टीच दाखवा.