जेसनमधून परत आलेला आकडा तोच आहे का?

जॅक्सन (जावा ऑब्जेक्टचं जेसन करणारी लायब्ररी) कसं लावायचं, क्लासचं जेसन (प्रोग्रॅम एकमेकांना डेटा पाठवतात तो मजकुराचा साचा) कसं करायचं आणि ते परत कसं वाचायचं, हे तुम्हाला येतं असं धरून लिहितोय. ऑब्जेक्टमॅपरच्या दोन मेथड्स सगळ्यांनाच जमतात. नोकरीत रडवतं ते वेगळंच.

जावात इंट, लाँग, डबल, बिगडेसिमल, लोकलडेट असे कितीतरी प्रकार आहेत. जेसनमध्ये आकड्यांसाठी एकच प्रकार, आणि तारखेसाठी तर तोही नाही. ऑब्जेक्ट मजकुरात गेला की त्याचा प्रकार मागे राहतो आणि समोरचा वाचणारा तो स्वतःच्या पद्धतीने ठरवतो.

मी जिथे अडकलो ते नीट सांगतो. आमच्या ऑर्डरचा आयडी लाँग होता, १९ अंकी. यादीत ऑर्डर दिसायची, क्लिक केलं की ‘सापडली नाही’. सर्व्हरच्या लॉगमध्ये कुठेही एक्सेप्शन नाही. शेवटी ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये बघितलं, तर ‘रिस्पॉन्स’मध्ये आयडी बरोबर आणि शेजारच्या ‘प्रिव्ह्यू’मध्ये त्याच आयडीचे शेवटचे अंक शून्य.

कारण असं: ब्राउझर जेसन वाचतो जावास्क्रिप्टमधून, आणि जावास्क्रिप्टचा नेहमीचा नंबर म्हणजे ६४ बिटांचा डबल. त्यात पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच खात्रीने अचूक राहतात. त्यापुढे ९००७१९९२५४७४०९९३ पाठवलात तर जेसन.पार्स (जावास्क्रिप्टचं जेसन वाचणारं फंक्शन) तुम्हाला ९००७१९९२५४७४०९९२ देतं. एरर नाही, वॉर्निंग नाही. या मर्यादेच्या लगेच पुढे फक्त सम संख्याच मावतात, त्यामुळे काही आयडी चालतात, काही नाहीत, आणि आपण डेटाबेसवर संशय घेत बसतो. १९ अंकांपर्यंत गेलात की दोन मावणाऱ्या संख्यांमधलं अंतर शेकड्यांत जातं. पार्सला रिव्हायवर फंक्शन (वाचलेली प्रत्येक किंमत बदलू देणारं) दिलं तरी त्याच्या हाती येणारी किंमत आधीच बदललेली असते; मूळ मजकूर वेगळा मिळतो तो फक्त नव्या ब्राउझरांत.

घाबरू नका. हे तुमच्या कच्चेपणाचं लक्षण नाही. ट्विटरने २०१० मध्ये नवे मोठे आयडी आणले तेव्हा त्यांनाही प्रत्येक आयडीसोबत तोच आयडी स्ट्रिंग म्हणून द्यावा लागला होता. आपल्यालाही तेच करायचं आहे: त्या फील्डवर जेसनसीरियलाइझ हे अ‍ॅनोटेशन लावून टूस्ट्रिंगसीरियलायझर द्या. परत येताना जॅक्सन स्ट्रिंगमधून लाँग आपोआप वाचतं. ज्या आकड्याची बेरीज-वजाबाकी कधीच होणार नाही, तो स्ट्रिंगच ठेवा. खाते क्रमांकही त्यातलाच. सुरुवातीला जादा शून्य असलेला आकडा (००१२ सारखा) तर जेसनच्या व्याकरणातच बसत नाही.

आता थोडं कडक बोलतो. ‘हे अ‍ॅनोटेशन टाक, चालेल’ एवढंच सांगणाऱ्या सीनियरवर विसंबू नका. कोणता प्रकार कुठे बदलतो हे कागदावर काढून दाखवणारा एक माणूस भेटला तर त्याला सोडू नका. आणि व्हिडिओंच्या आधी आरएफसी ८२५९, म्हणजे जेसनचं अधिकृत नियमपत्र, वाचा. २०१७ चं, जेमतेम १६ पानांचं आहे, आणि आकड्यांची ही मर्यादा त्यात स्पष्ट लिहिली आहे. इंग्रजी जड वाटेल, दोन बैठकींत होतं. मलाही जडच गेलं होतं.

तारखांचं थोडक्यात: आयएसओ ८६०१ (तारीख-वेळ लिहायची प्रमाणित पद्धत) स्ट्रिंग पाठवा, वेळ असेल तर यूटीसीपासूनच्या फरकासकट.

आणि टेस्ट. ऑब्जेक्टचं जेसन करून पुन्हा ऑब्जेक्ट केला, दोन्ही सारखे निघाले, हिरवी खूण आली, एवढ्यावर थांबू नका. ती टेस्ट जावातून जावात जाते, लाँग लाँगच राहतो आणि ही चूक तिला दिसूच शकत नाही. टेस्ट डेटात आयडी १, २, ३ असतील तर स्क्रीनवरही दिसणार नाही. टेस्ट डेटात एक ऑर्डर ९००७१९९२५४७४०९९३ या आयडीची ठेवा, ब्राउझरमधून उघडा, सेव्ह करा आणि डेटाबेसमध्ये कोणती ओळ बदलली ते बघा.