गॉर्डन आणि महदी: खार्टूमच्या वेढ्यावर लिहिताना या चुका टाळा

१८८४-८५ मध्ये सुदानी धर्मनेता महदी याच्या फौजेने सुदानची राजधानी खार्टूमला घातलेला वेढा म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो राजवाड्याच्या जिन्यावर उभा असलेला इंग्रज जनरल चार्ल्स गॉर्डन आणि त्याच्यावर चालून येणारे भालेकरी. हे दृश्य व्हिक्टोरियन चित्रकारांनी रुजवलं. तो नेमका कसा मारला गेला, याबद्दलच्या हकिकती एकमेकींशी जुळत नाहीत. या चित्रापासून सुरुवात केली की सुदानी माणसं नुसती गर्दी होऊन जातात, आणि पुढचे बहुतेक घोटाळे त्यातूनच होतात.

सगळ्यात मोठा घोटाळा म्हणजे महदीच्या बंडाला सरसकट ‘इंग्रजांविरुद्धचा उठाव’ म्हणणं. सुदानवर १८२०-२१ पासून इजिप्तचा अंमल होता. मुहम्मद अहमदने जून १८८१ मध्ये आबा बेटावर स्वतःला महदी, म्हणजे शेवटच्या काळात येणारा तारणहार, घोषित केलं, तेव्हा इंग्रजांनी इजिप्तही व्यापला नव्हता. तो १८८२ मध्ये व्यापला. लोकांचा संताप होता तो चाबकाच्या धाकाने कर उकळणाऱ्या खेदीवच्या, म्हणजे इजिप्तच्या राज्यकर्त्याच्या, अंमलदारांवर.

‘धर्मवेड’ एवढं एकच कारण लिहून मोकळंही होऊ नका. श्रद्धा खरी होती आणि तिच्यासाठी माणसं मरायला तयार होती. पण करांच्या जोडीला गुलामांच्या व्यापारावरची बंदी होती, तिने गुरं पाळणाऱ्या बक्कारा टोळ्या आणि नाईलकाठचे व्यापारी दुखावले होते. १८७७ ते १८७९ या काळात गव्हर्नर-जनरल म्हणून ही बंदी कडकपणे राबवणारा माणूस गॉर्डनच. आणि फेब्रुवारी १८८४ मध्ये परत आल्यावर, गुलाम बाळगणाऱ्यांना हात लावणार नाही, असं जाहीर करणाराही तोच. महदी निव्वळ मुक्तिदाता किंवा गॉर्डन निव्वळ संत, अशी मांडणी करायची असेल तर हा भाग अडचणीचा ठरतो. तरीही तो गाळणं अप्रामाणिकपणाचं आहे.

गॉर्डन सुदान जिंकायला गेला, असंही लिहिलं जातं. नोव्हेंबर १८८३ मध्ये शेकान इथे महदीच्या माणसांकडून हिक्स पाशा या इंग्रज सेनापतीची सुमारे दहा हजारांची इजिप्शियन फौज जवळजवळ पूर्ण कापली गेली होती. हा हिक्स आपल्या मुंबई लष्करातला जुना अधिकारी. त्यानंतर लंडनने गॉर्डनला कर्नल स्टुअर्ट या एका अधिकाऱ्यासह पाठवलं, ते मुख्यतः इजिप्तची ठाणी रिकामी करण्यासाठी. वाटेत नाईलकाठच्या बर्बर गावी त्याने इजिप्त माघार घेणार असल्याचं उघड केलं. माझ्या मते त्याची सर्वांत घातक चूक हीच. जे सरकार निघून चाललंय, त्याच्या बाजूने कोणती टोळी उभी राहील? कुंपणावर बसलेल्यांनी महदीची वाट धरली.

‘मदत दोन दिवस उशिरा पोचली’ हे वाक्य तारखांपुरतं बरोबर आहे. शहर २६ जानेवारी १८८५ ला पडलं, मदतीला निघालेल्या विल्सनच्या आगबोटी २८ ला दिसल्या. पण कारण शोधताना शेवटच्या आठवड्यावर अडकू नका. पंतप्रधान ग्लॅडस्टनच्या ब्रिटिश सरकारने सुटकेच्या मोहिमेसाठी पैसे मंजूर केले तेच ऑगस्ट १८८४ मध्ये, म्हणजे वेढा पडून पाच महिने होत आल्यावर. तोवर आत उपासमारीची चाहूल लागली होती. पुढे हिवाळ्यात नाईलचं पाणी ओसरलं, तटबंदीचं पश्चिमेचं टोक चिखलात उघडं पडलं आणि अन्सार, म्हणजे महदीचे अनुयायी, तिथून आत घुसले.

तारखांचा आणखी एक गोंधळ ओमदुरमानच्या लढाईत होतो. सप्टेंबर १८९८ मध्ये इंग्रज सेनापती किचनेरसमोर महदी नव्हता, त्याचा वारस खलिफा ‘अब्दुल्लाही’ होता. महदी जून १८८५ मध्येच, खार्टूम घेतल्यावर पाच महिन्यांत, वारला होता.

भारतीय सैनिक गॉर्डनला सोडवायला गेले, हेही चूक. भारतातून आलेल्या तुकड्या तांबड्या समुद्रावरच्या सुआकिनला उतरल्या, आणि २२ मार्च १८८५ रोजी तोफ्रेकला लढलेल्यांत २८वी बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीही होती. तोवर गॉर्डनला मरून दोन महिने होत आले होते. सुआकिन ते बर्बर रेल्वे टाकण्याचं काम त्या सुमारास सुरू झालं होतं. ते काही महिन्यांतच अर्धवट सोडून देण्यात आलं.