वाळ्याचं तेल अत्तरात आणि त्वचेवर वापरताय? या चुका टाळा

उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी असते, दिवाळीच्या उटण्यात वाळ्याची पूड असते. त्यामुळे वाळ्याचं तेलही तसंच थंड आणि निरुपद्रवी असणार, असं आपण धरून चालतो. पण शंभर किलो सुक्या मुळांतून जेमतेम किलोभर तेल निघतं, बऱ्याचदा तेवढंही नाही. म्हणजे एका थेंबामागे तीन-चार ग्रॅम मुळं. माठात जुडीऐवजी तेलाचा थेंब टाकला, तर तो विरघळत नाही, पाण्यात वेगळाच राहतो आणि कुणाच्या तरी पेल्यात अख्खाच जातो. माठाला जुडीच बरी. हे तेल पिण्यासाठी नाही.

थेंब मोजणं

सगळ्यात जास्त गडबड इथेच होते. वाळ्याचं तेल काकवीसारखं दाट असतं. मे महिन्यात ते बाटलीतून सरसर येतं, जानेवारीत बाटली उलटी धरली तरी हलत नाही, आणि दाटपणा बदलला की थेंबाचा आकारही बदलतो. त्यामुळे ‘वाळा 10 थेंब’ अशी कृती एकाच घरात दोन वेळा दोन तऱ्हेची होते. त्यात काचेचा ड्रॉपर वापरला तर थोडं तेल नळीलाच चिकटून राहतं, आणि रबरी बोंड फुगून चिकट होतं ते वेगळंच.

तेल येत नाही म्हणून बाटली गॅसजवळ धरू नका, मायक्रोवेव्हमध्ये तर मुळीच ठेवू नका. झाकण घट्ट लावून बाटली 40 अंशांच्या, म्हणजे हाताला कोमट लागणाऱ्या पाण्यात दहा मिनिटं उभी ठेवा आणि मग तेल वजनानेच घ्या. 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागेल.

त्याहून सोपा उपाय म्हणजे आधी 10 टक्क्यांचं द्रावण करून ठेवणं: 2 ग्रॅम तेल, 18 ग्रॅम द्रावक. अत्तरासाठी द्रावक म्हणून परफ्युमर्स अल्कोहोल (अत्तरासाठी मिळणारं इथेनॉल) घ्या, त्वचेसाठी जोजोबा तेल. दोन बाटल्या वेगळ्या ठेवा आणि त्यांवर तारीख व टक्केवारी लिहा. आता 1 ग्रॅम द्रावणात 0.1 ग्रॅम वाळा आहे, त्यामुळे काट्याची बारीकशी चूक फारशी नडत नाही. हार्डवेअरच्या दुकानातलं स्पिरिट वापरू नका. त्यात मिथेनॉल असू शकतं.

त्वचेवर किती?

चेहऱ्याला 0.5 टक्का, अंगाला 1 टक्का पुरतो. वाळ्याचा वास एवढ्यातही चांगला टिकतो. 30 ग्रॅम फेस ऑइलमध्ये 0.15 ग्रॅम वाळा, म्हणजे जोजोबातलं द्रावण 1.5 ग्रॅम. क्रीममध्ये घालायचं असेल तर मिश्रण 40 अंशांच्या खाली आल्यावरच घाला. लहान बाळांसाठी वापरू नका, आणि गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

गुलाबपाण्यात चार थेंब टाकून ‘हलवून फवारा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. कितीही हलवलं तरी काही क्षणांत तेल वेगळं होतं आणि एखादा फवारा जवळजवळ शुद्ध तेलाचाच चेहऱ्यावर, कधी डोळ्यातही बसतो. 100 ग्रॅमच्या स्प्रेसाठी 0.2 ग्रॅम वाळा आधी 1.2 ग्रॅम पॉलिसॉर्बेट 20 मध्ये (तेल पाण्यात मिसळू देणारा पदार्थ) नीट मिसळा, मग थोडं थोडं पाणी घाला. गढूळ दिसलं तर पॉलिसॉर्बेट कमी पडलंय. प्रिझर्व्हेटिव्हही हवंच, नाहीतर पाण्यात आठवड्याभरात जंतू वाढू लागतात. वाळा जंतुनाशक आहे म्हणून चालेल, हा युक्तिवाद इथे कामाचा नाही.

पॅच टेस्ट एकदाच आणि घाईत

नुसतं तेल मनगटावर लावून तासाभरात निकाल काढण्यात अर्थ नाही. जे मिश्रण वापरणार आहात तेच, त्याच प्रमाणात, कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, सात दिवस लावा. ॲलर्जीचा पुरळ बहुधा एक-दोन दिवसांनी उठतो, आणि पहिल्या वेळी काही झालं नाही म्हणजे पुढेही होणार नाही असं नसतं.

खरं तर वाळा स्वतः बऱ्यापैकी सोशिक आहे आणि त्याने उन्हात त्वचा भाजत नाही. त्रास पुष्कळदा जोडीदारामुळे होतो. वाळ्याबरोबर हमखास घातलं जाणारं बर्गमॉट (लिंबाच्या जातीच्या एका फळाचं तेल), सालीवर दाब देऊन काढलेलं असेल, तर त्वचेवर राहणाऱ्या उत्पादनात 0.4 टक्क्यांच्या वर नको; तसंच काढलेलं लाइमचं तेल 0.7 टक्क्यांच्या वर नको. दोन्ही वापरली तर मर्यादा वाटून घ्यावी लागते. ओव्हरडोस झालेलं मिश्रण लावून उन्हात गेलात तर डाग पडतात, आणि दोष वाळ्यावर येतो.

मूळ चुकीचं

सगळी सुगंधी मुळं वाळ्यासारखी सौम्य नसतात. कोष्ठ, म्हणजे हिंदीतला कुठ, याच्या मुळाच्या तेलाने तीव्र ॲलर्जी होते. इफ्रा या आंतरराष्ट्रीय सुगंध संघटनेच्या नियमांत ते सुगंधद्रव्य म्हणून वापरायला बंदी आहे. जुन्या कृतीत कोष्ठ दिसलं तर त्याच्या जागी वाळा किंवा नागरमोथा घ्या.

बाजारातलं ‘खस अत्तर’ बहुधा पॅराफिन किंवा तत्सम आधारात घातलेला वास आणि हिरवा रंग असतो. एक भाग तेल नऊ भाग 95 टक्के अल्कोहोलमध्ये टाकून पाहा. तळाशी किंवा भिंतीला थेंब दिसले तर पॅराफिन किंवा खाद्यतेल मिसळलेलं आहे. मात्र सगळी भेसळ यात पकडली जात नाही, कारण काही द्रावकं अल्कोहोलमध्ये सहज विरघळतात. म्हणून त्या बॅचचा जीसी-एमएस रिपोर्ट (तेलातले घटक ओळखणारी प्रयोगशाळेतली चाचणी) मागा आणि त्यात खुसिमोल, अल्फा व बीटा व्हेटिव्होन हे वाळ्याचे घटक आहेत का ते बघा. हिरवा रंग म्हणजे भेसळच असंही नाही. कनौजला तांब्याच्या देगीत, म्हणजे मोठ्या भांड्यात, काढलेली रूह खस (वाळ्याचं शुद्ध तेल) तांब्यामुळे हिरवट असते. पण तिने पांढऱ्या सुती कापडावर डाग पडतो, आणि तांब्यामुळे करडई-सूर्यफुलासारखी तेलं लवकर खवट होतात. तिला जोजोबाच जोडा.

अत्तर पहिल्या दिवशी नाकारणं

ताज्या मिश्रणात वाळा मातकट आणि जळका लागतो, आणि लोक घाबरून त्यावर आणखी गोड वास ओततात. थांबा. एकूण सुगंधी मिश्रणात वाळा 10 ते 20 टक्के ठेवा, ते अल्कोहोलमध्ये 15 टक्क्यांना घाला, काचेच्या बाटलीत अंधारात तीन-चार आठवडे राहू द्या. 30 ग्रॅम अत्तराला मिश्रण 4.5 ग्रॅम, त्यात वाळा 0.45 ते 0.9 ग्रॅम. तपासताना कागदी पट्टीवर वेळ लिहून दहा मिनिटांनी, चार तासांनी, दुसऱ्या दिवशी हुंगा. सारखं हुंगलं की नाक थकतं आणि वाळा गेला असं वाटतं, म्हणून वाढवला जातो.

अत्तर गढूळ झालं तर बहुतेक वेळा पाणी जास्त पडलेलं असतं; अल्कोहोल वाढवून बघा. मेणामुळे असेल तर फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस ठेवून गार असतानाच कॉफी फिल्टरमधून गाळा. हे करताना जवळ ज्योत नको.

आणि कधी तेल जास्त लागून त्वचा लाल झालीच, तर आधी साध्या खोबरेल तेलाच्या बोळ्याने पुसा आणि मग सौम्य साबणाने धुवा. नुसत्या पाण्याने ते पसरतं. फोड आले, सूज वाढली किंवा डोळ्यात गेलं तर त्वचेच्या वा डोळ्याच्या डॉक्टरांकडे जाताना बाटली बरोबर न्या.